सहीची किल्ली कोणाच्या खुंटीला?



'तुम्ही इलेक्ट्रॉनिक सही केली आहे का?' असे आम्ही मागे तीर्थपुरीच्या बाजारात भेटेल त्याला विचारत होतो. बहुतेकांनी आम्हाला वेड्यात काढले. एक आजोबा म्हणाले, 'भाऊ, मला शाईची सही येईना अन् तुम्ही विजेची विचारता.' सगळे हसले. मग आम्ही दुसरा प्रश्न टाकला, 'फार्मर आयडी काढला का?' तेव्हा सगळ्यांच्या माना हलल्या. काढला की. न काढून सांगतो कुणाला?

तर मंडळी, ज्याने फार्मर आयडी काढला त्याने इलेक्ट्रॉनिक सही केलेली आहे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी हा आयडी सक्तीचा झाला. त्याच्या आधी ऑनलाइन सेंटरांपुढे कशा रांगा लागल्या होत्या ते आठवा. वेचणीचे, काढणीचे काम टाकून माणसे उन्हात बसली होती. आत गेल्यावर पोराने आधार नंबर टाकला, गट नंबर विचारले, दोनदा सर्व्हर बसला, दोनदा उठला. शेवटी पोरगा म्हणाला, 'काका, मोबाईलवर नंबर आला असेल, तो सांगा.' काकांना दिसेना म्हणून त्यांनी मोबाईलच त्याच्या हातात दिला. त्याने सहा आकडे टाकले, पडद्यावरच्या एका चौकोनात टिचकी मारली आणि म्हणाला, 'झालं. पुढचा या.'

तो जो शेवटचा नंबर होता, तीच तुमची सही. आधारच्या ओटीपीवर होणारी ही सही २०१५ पासून कायद्याने मान्य आहे. त्या चौकोनात जी संमती लिहिली होती ती तुम्ही दिली असे धरले गेले. कशाला दिली, तुमच्या नावावर किती गट धरले, सामाईकातला हिस्सा किती लावला, हे आपल्यातल्या किती जणांनी वाचले? आम्ही आमचेच सांगतो. आम्ही वाचले नाही. आम्ही चळवळीत हयात घालवली, दुसऱ्याला सांगत फिरलो की कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि आमचा नंबर आल्यावर आम्हीही मोबाईल पुढे केला. मागे रांगेत पन्नास माणसे खोळंबलेली होती आणि पोरगा घाई करत होता. पण ही काही सबब झाली नाही.

हे रडगाणे म्हणून सांगत नाही. या सहीचा विषय आता आपल्या दारात आला आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय सुटका नाही. सातबारा इलेक्ट्रॉनिक सहीचा, फेरफार संगणकावर. २०२१ पासून पीक पाहणीही आपणच मोबाईलवर लावायची. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' नावाच्या ॲपवर आधारच्या जोरावर नोंद करा. म्हणजे लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये भाव जाहीर असला तरी त्याच्या दारावर पहारेकरी हाच.

आधी सरकारची सही पाहू. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. पंधरा रुपये भरले की घरबसल्या निघतो. यात चांगले आहे ते चांगले म्हटले पाहिजे. एका उताऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे गावोगाव फिरणे, तो तालुक्याला मीटिंगला गेला म्हणून परत येणे, चहापाण्याचे वेगळे, हे ज्यांनी भोगले त्यांना पंधरा रुपये जड नाहीत. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असा हुकूम आहे. गावात अजून तलाठीच म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.)

पण या सातबाऱ्यावरची सही नेमकी असते कुठे? इथे सगळा घोळ आहे.

समजा, तुमच्या सातबाऱ्यातले एकूण एक अक्षर, आकडा, काना-मात्रा गणिताच्या गिरणीत टाकले आणि खालून पिठासारखा एक लांबलचक नंबर बाहेर पडला. पुन्हा तोच सातबारा टाका, तोच नंबर येईल. पण एक हेक्टर वीस आरच्या जागी एक हेक्टर एकवीस आर करून टाका, नंबर पार वेगळा येईल. एवढा वेगळा की दोघांचे नातेही लागणार नाही. आणि पिठापासून जसे पुन्हा दाणे होत नाहीत तसे नंबरावरून कागद बनवता येत नाही. आता या नंबराला तलाठ्याच्या किल्लीने कुलूप लावतात. ही गुप्त किल्ली पेनड्राइव्हसारख्या एका छोट्या डबीत असते आणि तिला वर पासवर्ड असतो. तिच्या जोडीची दुसरी किल्ली सगळ्या जगाला उघड असते. उघड किल्लीने कुलूप उघडून पाहता येते, लावता येत नाही. कुलूप उघडले आणि आतला नंबर कागदाच्या नंबराशी जुळला, तर दोन गोष्टी पक्क्या होतात. एक, कागदात नंतर कुणी खाडाखोड केलेली नाही. दुसरी, कुलूप त्याच तलाठ्याच्या किल्लीचे आहे. किल्ली त्याचीच कशावरून? तर त्याचा दाखला केंद्र सरकारच्या नियंत्रकाने परवाना दिलेल्या संस्थेने दिलेला असतो. ही सगळी व्यवस्था २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने उभी केली. त्याच्या आधी १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने एक नमुना कायदा तयार केला होता, त्याच्याच मागे आपला कायदा आला आणि १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला.

गणित पक्के आहे. आम्ही त्यात खोट काढत नाही. शाईची सही उचलून दुसऱ्या कागदावर घासता येते, शिक्का जालन्याला कुठेही बनवून मिळतो, पण या कुलपाशी तशी झटापट करता येत नाही.

मात्र एक लक्षात घ्या. हे कुलूप फाईलला असते, कागदाला नसते. तुम्ही प्रिंट काढली की हातात आलेल्या कागदावर सहीचे फक्त चित्र उरते. त्या कागदाची झेरॉक्स म्हणजे चित्राचे चित्र. मोबाईलवर सातबाऱ्याचा फोटो काढून पाठवला तर तिथेही तेच. हिरवी टिकली छापलेली आहे म्हणून कागद खरा, असे समजणारा माणूस फसला. हिरवी टिकली काय, शाळेतले पोरगेसुद्धा संगणकावर चिकटवून देईल.

उलटीही गोष्ट होते. फाईल संगणकावर उघडली की कधी कधी सहीवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. पाहणारा म्हणतो, बोगस आहे. तसे नसते. त्या संगणकाला आपल्या देशाच्या दाखला देणाऱ्या संस्थांची ओळख करून दिलेली नसते, म्हणून तो म्हणतो, मी या माणसाला ओळखत नाही. जाणत्या पोराने एकदा सहीवर टिचकी मारून पडताळणी केली आणि ओळख करून दिली की प्रश्नचिन्ह जाते. आणि साध्या मोबाईलवर तर पुष्कळदा सही तपासायची सोयच नसते, नुसता कागद दिसतो.

आमच्यातल्या एकाला पीककर्जाच्या वेळी याचा असा फटका बसला. त्याने डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची प्रिंट बँकेत दिली. साहेब म्हणाले, यावर तलाठ्याचा सही-शिक्का आणा. तो तलाठ्याकडे गेला. तलाठी म्हणाले, खाली छापलेले वाचा, यावर सही-शिक्क्याची गरज नाही. तो परत बँकेत. साहेब म्हणाले, गरज आहे की नाही ते मी ठरवणार. तिसऱ्या खेपेला तलाठ्याने कंटाळून शाईची सही केली, शिक्का मारला, आणि कर्ज मंजूर झाले. म्हणजे जी सही कुणी खोटी करू शकत नाही ती नाकारली आणि जी कुणीही करू शकतो ती स्वीकारली. या तीन खेपांत त्याचे तीन रोज बुडाले आणि पेरणीचा वापसा गेला तो वेगळाच.

त्या साहेबाला शिव्या देणे सोपे आहे. पण न्यायाने बोलायचे तर त्याच्या पुढ्यात आलेल्या कागदावर खरेच सही नव्हती. त्याने करायला हवे होते ते एवढेच की कागदावर छापलेला पडताळणी क्रमांक सरकारच्या संकेतस्थळावर टाकून मूळ उतारा समोर आणायचा आणि जुळवून पाहायचा. दोन मिनिटांचे काम. ते न करता शेतकऱ्याला पिटाळणे हा अडाणीपणा, आणि या अडाणीपणाची किंमत शेतकऱ्याने का मोजायची? जिल्ह्यातल्या प्रत्येक बँकेच्या आणि सोसायटीच्या टेबलावर ही तपासणी झालीच पाहिजे, आणि ती करण्याची जबाबदारी कागद मागणाऱ्याची आहे, कागद देणाऱ्याची नाही.

एक आणखी. फुकट दिसणारा जो सातबारा असतो तो फक्त माहितीसाठी, त्यावर सही नसते. तो कोर्टात, बँकेत चालत नाही. पुष्कळ जण तोच छापून नेतात आणि मग डिजिटल सातबारा चालत नाही अशी बोंब मारतात.

आणि सही खरी म्हणजे मजकूर खरा, असेही नाही. सहीने एवढेच सांगितले की त्या दिवशी दफ्तरात हेच लिहिलेले होते. संगणकात भरताना आपल्याकडे काय काय झाले ते ठाऊक आहे. कुणाचे नाव गळाले, कुणाचे क्षेत्र चुकले, विहीर एकाची आणि लागली दुसऱ्याला. तो चुकीचा उतारा आता पक्क्या कुलपात बंद होऊन बाहेर पडतो आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद चुकीची आहे हे सिद्ध होईपर्यंत ती खरी धरली जाते. म्हणून लेखनातली चूक दिसली की कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज द्या. आज उद्या करू नका.

आता किल्लीचा विषय. २००० च्या कायद्याचे कलम १५ आम्ही एका वकील मित्राकडून वाचून घेतले. त्यात म्हटले आहे की सही करण्याचे साधन सही करते वेळी केवळ सही करणाऱ्याच्याच ताब्यात असेल, दुसऱ्या कुणाच्याही नसेल, तरच ती सही सुरक्षित. वाक्य पुन्हा वाचा. केवळ त्याच्याच ताब्यात. कोर्ट अशा सहीबद्दल असे गृहीत धरते की ती त्याच माणसाने, सही करायच्या इराद्यानेच केली. आता आपल्या गावातले चित्र यापुढे ठेवा. मोबाईल सेंटरवाल्याच्या हातात. आधारला जोडलेला नंबर पुण्याला कंपनीत असलेल्या पोराचा, तो फोनवरून ओटीपी सांगतो. विधवा मावशीचा नंबर पुतण्याचा, आणि पुतण्याचाच तिच्या जमिनीवर डोळा. मग ही सही कुणाची?

किल्ली खुंटीला टांगलेली असली तर कुलूप लोखंडाचे असो की सोन्याचे, काय उपयोग? आणि हे आमच्यासारख्या अडाण्यांचेच आहे असे समजू नका. आपल्याच अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टी-गारपिटीच्या अनुदानाचे प्रकरण बाहेर आले. २०२२ ते २०२४ या वर्षांचे, नुकसान झालेल्या शेतकऱ्यांसाठी आलेले पैसे बोगस नावांच्या याद्या चढवून काढले गेले असा आरोप आहे. चौकशी झाली, महसूलचे बरेच कर्मचारी निलंबित झाले, २०२५ मध्ये अंबडला गुन्हा नोंदला गेला आणि त्यातला आकडा सुमारे पंचवीस कोटींचा आहे. वरच्या अधिकाऱ्यांचे लॉगिन आणि पासवर्ड खालच्यांनी वापरले, असाही त्यात आरोप आहे. प्रकरण कोर्टात लागायचे आहे, तेव्हा कोण दोषी ते आम्ही इथे ठरवणार नाही. पण एक प्रश्न आम्ही विचारणारच. ज्या पासवर्डाने यादी मंजूर होते तो पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक असायला हवा होता. तो टेबलाटेबलांवर फिरत होता काय? आमची कपाशी पाण्यात सडली, आमच्या नावाचे पैसे भलत्याच्या खात्यात, आणि मंजुरी मात्र संगणकावर रीतसर.

पीकविम्याचेही तेच. एक रुपयात विमा २०२३ च्या खरिपात सुरू झाला आणि २०२५ च्या खरिपात बंद झाला. मधल्या काळात दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर, देवस्थानच्या जमिनीवर कुणी तरी अर्ज भरले. योजना बंद करताना बोट आपल्याकडे दाखवले गेले, शेतकरीच बोगस निघाला म्हणून. ते अर्ज कोणत्या सेंटरांवर, कोणाच्या लॉगिनने, कोणाच्या सहीने भरले गेले, ते आधी मोजा की!

बरे, पुरावा मागायला गेलात तर काय होते, त्याचेही उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे आणि ते आज देशभरातल्या वकिलांच्या तोंडी आहे. २०१४ ची जालना विधानसभेची निवडणूक. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि पडलेले उमेदवार कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे असे की शेवटच्या दिवशी, २७ सप्टेंबरला, दुपारी तीनची वेळ संपल्यावर उमेदवारी अर्ज घेतला गेला. निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांत चित्रण होतेच. त्याच्या नकला मिळाल्या. पण कायदा म्हणतो, संगणकातल्या किंवा कॅमेऱ्यातल्या नोंदीची नक्कल द्यायची तर सोबत ते यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा दाखला हवा. जुन्या पुरावा कायद्याचे कलम ६५-ब. तो दाखला पुन्हा पुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी दिला नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, आणि १४ जुलै २०२० ला तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला. नकलेसोबत दाखला हवाच, तो सोडता येणार नाही. मूळ यंत्रच कोर्टात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर मात्र दाखल्याची गरज नाही. आणि ज्याने दाखला मिळवण्यासाठी सर्व खटपट केली आणि तरी साहेबाने दिला नाही, त्याला त्या अटीतून सूट. या खटल्यात ती सूट दिली गेली आणि अपील फेटाळले.

कोण जिंकले कोण हरले याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. दोघेही मोठी माणसे, दिल्लीपर्यंत वकील लावू शकणारी. त्यांना एक दाखला मिळेना. पाच एकर कोरडवाहूवाला गेला तर? यंत्र साहेबाकडे, नोंद साहेबाकडे, आणि नोंद खरी असल्याचा दाखलाही साहेबाकडेच. १ जुलै २०२४ पासून जुना पुरावा कायदा जाऊन नवा भारतीय साक्ष अधिनियम आला, त्याच्या कलम ६३ मध्ये हा दाखला आणखी कडक झाला आहे. त्यात वर सांगितलेला गिरणीतला नंबरही लिहावा लागतो आणि जाणकाराचीही सही लागते. म्हणून नुकसानीचे फोटो, चित्रण ज्या मोबाईलवर काढले तो मोबाईल आणि त्यातली मूळ फाईल जपा. व्हॉट्सॲपवर आलेली दहाव्या हाताची नक्कल घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढू नका.

आता कुणी म्हणेल, मग काय संगणक जाळायचे? आपल्या लोकांनी एकदा कागद जाळले होते. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना हवे होते ते कर्जरोखे, खतपत्रे. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेऊन शंभराचे दोनशे लिहिलेले कागद. ते काढले आणि पेटवले. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर, या चार जिल्ह्यांसाठी. आपण तेव्हा निजामाकडे, आपल्या वाट्याला तो आला नाही. त्या कायद्यात एक तरतूद होती, ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. शेतकऱ्याने करून दिलेला रोखा गावच्या नोंदणी अधिकाऱ्यापुढे व्हायचा. त्याने तो मोठ्याने वाचून दाखवायचा, करून देणाऱ्याला तो समजला याची खात्री करायची, मगच सही किंवा अंगठा. पैसे भरल्याची पावती मागण्याचा आणि खात्याचे पुस्तक मागण्याचा हक्कही त्या कायद्याने शेतकऱ्याला दिला. इंग्रज काही आपले सोयरे नव्हते. पण जो वाचू शकत नाही त्याची सही वाचून दाखवल्याशिवाय घ्यायची नाही, एवढे त्यांना पेटलेले कागद पाहून कळले.

आणि आज? आज सेंटरवरचा पोरगा सहा आकडे विचारतो. तो वाचून दाखवत नाही, कारण त्याला तसे कुणी सांगितलेले नाही. त्याला एका अर्जामागे ठरावीक पैसे मिळतात, वाचत बसला तर त्याचा दिवस भरत नाही. आमचे त्याच्याशी भांडण नाही. तोही आपल्याच कुणाचे पोरगे आहे, बारावी होऊन नोकरी मिळाली नाही म्हणून खुर्चीवर बसलेले.

आमची मागणी सरकारकडे आहे. शेतकऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही घेण्याआधी जे लिहिले आहे ते मराठीत वाचून दाखवले पाहिजे, यंत्राने बोलून दाखवले तरी चालेल, तेवढे तंत्रज्ञान आता मोबाईलमध्येच आहे. ओटीपीचा जो संदेश येतो त्यातच स्पष्ट लिहून यावे की हा नंबर अमुक गटाच्या अमुक कागदावर सही करण्यासाठी आहे. आज संदेश कळत नाही, सगळे ओटीपी सारखेच दिसतात. सही झाल्यावर सही केलेली फाईल शेतकऱ्याच्या मोबाईलवर आलीच पाहिजे. खतपत्राची नक्कल सावकार देत नव्हता, आता सरकार देत नाही, असे म्हणायची पाळी येऊ नये. आणि अधिकाऱ्याच्या लॉगिनने जे मंजूर झाले त्याला तो अधिकारी बांधील, 'माझा पासवर्ड दुसऱ्याने वापरला' ही पळवाट चालणार नाही. आमच्या सहीला आम्ही बांधील असू तर त्याच्या सहीला तोही.

हे अशक्य आहे असे समजू नका. युरोपात एस्टोनिया नावाचा छोटा देश आहे. तिथे माणसाच्या ओळखपत्रातच त्याच्या सहीची किल्ली असते आणि ती चालवायचा पिन त्याचा त्यालाच ठाऊक. २०१७ मध्ये त्या कार्डांच्या चिपमध्ये दोष सापडला. सरकारने स्वतः जाहीर करून लाखो कार्डांच्या सह्या थांबवल्या आणि नव्याने करून दिल्या. आपल्याकडे कुणाची किल्ली फुटली तर त्याला सांगायला कोण येणार आहे?

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर आपल्या हातात आहे ते करू. आधारला स्वतःचाच मोबाईल नंबर जोडा, पुतण्याचा, जावयाचा नको. ओटीपी स्वतः टाका. टाकता येत नसेल तर घरातले शिकलेले पोर, विशेष म्हणजे लेक, सोबत न्या आणि तिला पडद्यावरचे वाचायला लावा. मागे रांग असली तर असू द्या. आपला आधार कुठे कुठे वापरला गेला याची मागच्या सहा महिन्यांची यादी आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते, ती महिन्या-दोन महिन्यांनी पाहत जा. बोटांचे ठसे आणि डोळे कुलूपबंद करून ठेवायचीही तिथे सोय आहे. अडचण आली तर १९४७ हा आधारचा फोन. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला कलम ६६-क खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे, हे सेंटरवाल्याला हसत हसत सांगून ठेवायला हरकत नाही.

मृत्युपत्र मात्र मोबाईलवर करून ठेवू नका. ते इलेक्ट्रॉनिक सहीने होतच नाही, २००० च्या कायद्यानेच ते बाहेर ठेवले आहे. जमिनीचे खरेदीखत आजही दुय्यम निबंधकापुढे नोंदवावे लागते. मुखत्यारपत्र आणि मागताक्षणी फेडायची वचनचिठ्ठी यांना २०२२ मध्ये दार उघडले, तेही बँकांसारख्या नियंत्रणाखालच्या संस्थांपुरतेच. तेव्हा गावातला कुणी सावकार 'ॲपवर सही करा, मुखत्यारपत्र झाले' म्हणू लागला तर त्याला घेऊन आमच्याकडे या.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपला डिजिटल सहीचा सातबारा मोबाईलमध्ये फाईल म्हणून आणावा, फोटो नको. प्रिंट असेल तीही आणा. दोन पोरे संगणक घेऊन बसतील. ती फाईलची सही तपासून दाखवतील आणि प्रिंटवरचा पडताळणी क्रमांक टाकून मूळ उतारा जुळवतील. क्षेत्रात, नावात, विहिरीत चूक निघाली तर कलम १५५ च्या दुरुस्तीचा अर्ज तिथेच लिहू. ज्यांना बँकेने शिक्क्यासाठी परत पाठवले त्यांनी शाखा आणि तारीख लिहून आणा, त्या सगळ्यांचे एकच निवेदन घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार आहोत. निवेदनावर सह्या शाईच्या घेऊ. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा, आणि अंगठ्याआधी निवेदन मोठ्याने वाचून दाखवले जाईल.